निळ्यावर राखाडी

"सरळ रंगच मारा की," कारागीर म्हणाला. "एवढी जुनी गाडी. तिला वरून रंगीत फिल्म कशाला चिकटवताय?"

मुलगा टपावर हात ठेवून उभा होता. मुलगा म्हणायचं ते अण्णांचा म्हणून. एरवी त्याचेही केस पिकायला लागले होते.

"रंग मारला की हा निळा गेला तो गेलाच," तो म्हणाला. "फिल्म काढता येते ना?"

"येते की. सोलून काढली की खाली गाडी होती तशी. कधी काढायचीय?"

उत्तर मुलाला माहीत होतं, पण ते तोंडातून काढण्यासारखं नव्हतं. अण्णा आहेत तोवर फिल्म राहणार होती. "बघू पुढे," एवढंच तो म्हणाला आणि नमुन्यांच्या पट्ट्या चाळत त्याने राखाडी निवडला. त्या रंगाच्या गाड्या रस्त्यावर पैशाला पासरी दिसतात, म्हणूनच.

अण्णांनी उभा जन्म बस चालवली होती. निवृत्त झाल्यावर ही निळी गाडी घेतली आणि तिला लेकरासारखं जपलं. अलीकडे ते विसरायला लागले होते. आधी माणसांची नावं गेली, मग ओळखीचे रस्ते, मग आपण जेवलो की नाही ते. गाडीचं वेड मात्र गेलं नाही. खिडकीतून निळा रंग दिसला की किल्ली मागायचे. मागच्या महिन्यात घरच्यांची नजर चुकवून ते गाडी घेऊन निघाले आणि चौकात त्यांना ब्रेक कुठला तेच आठवेना. गाडी खांबावर थडकली. शाळेतून येणारी एक मुलगी वीतभर अंतराने वाचली. मुलगा धावत पोचला तेव्हा ती फूटपाथवर बसून रडत होती. संध्याकाळी विचारलं तर अण्णा म्हणाले, "कुठली मुलगी?"

किल्ली लपवली, तर अण्णांनी घर डोक्यावर घेतलं. पोटच्या पोराला चोर म्हणाले. बॅटरीची वायर काढून ठेवली, तर बॉनेट उघडून बघता बघता जोडून मोकळे झाले. डोकं विसरत होतं, पण हात कुठे विसरत होते? गाडी विकून टाकावी, तर त्यांनाच दवाखान्यात कशातून न्यायचं?

शेवटी सुनेला सुचलं. "निळी गाडी दिसली की ते किल्ली मागतात. ती दिसलीच नाही तर?"

सापही मरेल आणि काठीही तुटणार नाही. मुलाला ते पटलं, आणि पटल्याची लाजही वाटली. ज्या माणसाने त्याला कधी खोटी आशासुद्धा दाखवली नव्हती, त्यालाच आता फसवायचं होतं.

कारागिराने आधी बंपरवरचा पोचा काढला. फिल्मखाली पोचा लपत नाही, उलट उठून दिसतो, असं त्याचं म्हणणं. मग त्याने गाडी धुतली, पुसली आणि फिल्म पसरली. गरम हवा द्यायची, ताणायची, पट्टीने आतले बुडबुडे कडेला ढकलत न्यायचे. निळा रंग हळूहळू दिसेनासा होत गेला. मुलाला ते बघवेना. तो बाहेर जाऊन उभा राहिला.

गाडी घरासमोर लागली तेव्हा अण्णा खिडकीतच होते.

"कोणाची रे ही?"

"ऑफिसची, अण्णा."

"आणि आपली?"

"गॅरेजला टाकलीय. पार्ट मिळत नाहीये."

"पार्ट नीट बघून घे. हे लोक जुनाच बसवतात," अण्णा म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं. मुलाला हायसं वाटलं. जेवण मात्र गेलं नाही.

पुढचे दिवस शांततेत गेले. अण्णा अधूनमधून गॅरेजची चौकशी करायचे आणि मुलगा नवी थाप मारायचा. आज क्लच, उद्या गिअर. या थापांत गाडीचे इतके भाग बिघडले की ते खरं असतं तर गाडी एव्हाना भंगारात गेली असती. सून हसायची. मुलाला हसू येत नव्हतं.

मग एका सकाळी अण्णांना तपासणीला न्यायची वेळ आली. मुलगा स्टिअरिंगवर बसला. अण्णांनी शेजारचं दार स्वतःच उघडलं, एक पाय आत ठेवला आणि तिथेच थांबले. दाराच्या आतल्या कडेला फिल्म नव्हती. बाहेरून दिसत नाही म्हणून तिथे सहसा कोणी लावून घेत नाही. वरपासून खालपर्यंत तोच निळा होता. अण्णांनी त्यावरून सावकाश बोट फिरवलं. मुलाला वाटलं, आता ते किल्ली मागणार, सगळ्या गल्लीसमोर पुन्हा चोर म्हणणार.

"अण्णा, चला ना, उशीर होतोय."

अण्णांनी मान वर केली. नजर अगदी स्वच्छ होती. हल्ली ती तशी क्वचितच असायची.

"त्या पोरीला लागलं नव्हतं ना रे?"

मुलाने मानेनेच नाही म्हटलं.

"हं." अण्णा सीटवर बसले. पट्टा ओढून लावला. दार अजून उघडंच होतं.

"हत्ती गेला आणि शेपूट राहिलं," त्या कडेकडे बोट करत ते म्हणाले. "हीसुद्धा झाकून घे. आज माझं डोकं ठिकाणावर आहे म्हणून सांगतोय. ज्या दिवशी नसेल, त्या दिवशी मला हा निळा दिसता कामा नये."