खाडीचं पाणी

"बारीक जाळ्यान माशांची पिल्लां मारतंस गो?" असं ओरडत मच्छीमार बाबलीने बारीक जाळीने पाण्याचे नमुने घेणाऱ्या जान्हवीला देवबागच्या खाडीत ढकललं. ती कशीबशी काठावर आली आणि तिने हातातली बाटली त्याच्यापुढे धरली.

"ही पिल्लं नव्हेत, पिल्लांचं खाणं आहे. बघा, एकही जीव हलत नाही. खाडीत वरच्या अंगाला कुणीतरी मासे मारायला ब्लीचिंग पावडर ओतलीय."

तेवढ्यात बाबलीचा धाकटा भाऊ सर्वेश मासे भरलेली होडी घेऊन आला. माशांखाली पावडरची पिशवी होती. बाबलीने त्याची मान धरून त्याला पाण्यात दाबलं.

"माशांका पाजलंस, आता तू पी!"

सर्वेश धडपडत वर आला.

"दादा, पावडर ओतूक माका तूच शिकवलंस!"

बाबलीने त्याला पुन्हा खाली दाबलं. जान्हवी ओरडत राहिली, पण या वेळी त्याचे हात सुटले नाहीत.