द्रौपदीबाईंचं कोपर

"हीच मला झोपू देत नाही," सुयोगने डॉक्टरांसमोरच बायकोची तक्रार केली. "रात्रभर कोपर मारते."

मानसी ओशाळली. घोरता घोरता हा एकदम गप्प होतो, मग भीती वाटते, असं तिने खाली मान घालून सांगितलं.

मागच्या खुर्चीवर बसलेल्या सुयोगच्या आईला, द्रौपदीबाईंना, हसू आलं. नवऱ्याला कोपर मारायची रीत या घरात त्यांनीच पाडली होती. भाऊराव घोरायला लागले की जोगेश्वरीच्या घरात पार स्वयंपाकघरातल्या फळीवरची भांडी थरथरायची, आणि गप्प झाले की द्रौपदीबाईंचं कोपर चालायचं. दिवसा हा माणूस भरल्या ताटावर पेंगायचा. गोळ्या वाढवूनही ब्लडप्रेशर खाली येईना, तेव्हा शेजारणींनी सगळा दोष त्या कोपराच्याच माथी मारला. भाऊरावही एकदा वैतागून म्हणाले होते, "द्रौपदे, मला एकदा तरी सुखाने झोपू दे." त्यानंतर थोड्याच दिवसांत ते झोपेतच गेले. पुण्यवान माणूस, हूं की चूं न करता गेला, असं जो तो म्हणाला. त्या एका बोलावर बाईंनी वर्ष काढलं होतं.

डॉक्टरांनी सुयोगचा रिपोर्ट पुढे ओढला. झोपेत याचा घसा मिटतो आणि श्वास अडतो, ते सांगू लागले. मग शरीर घाबरतं, हृदयाला चाबूक मारतं, ब्लडप्रेशर उसळतं. माणूस अंथरुणात पडलेला दिसतो, पण त्याचं हृदय रात्रभर धावत असतं. पुढे पुढे त्याला दिवसाही निवांत राहता येत नाही. अशी माणसं कधी कधी झोपेतच जातात. पण आता झोपताना लावायचं मशीन मिळतं, तेव्हा घाबरायचं कारण नाही.

"आणि मशीन येईपर्यंत?" मानसीने विचारलं.

"तोवर तुमचं कोपर आहेच. हलवलं की श्वास परत येतो."

सुयोग हसला. मानसीच्याही जिवात जीव आला. तिने वळून सासूबाईंकडे पाहिलं. त्या आपलं उजवं कोपर डाव्या हाताने गच्च धरून बसल्या होत्या.

"आई, काय झालं?"

"शेवटचे आठ दिवस मी अंथरूण स्वयंपाकघरात घातलं होतं गं," द्रौपदीबाई म्हणाल्या. "म्हटलं, झोपू दे त्यांना."