ओले पाय

सिग्नेने पाऊल उचललं आणि पुन्हा पाण्यातच टाकलं. काठ हाताच्या अंतरावर होता, गवताचा, टेकायला बोलावणारा. पण त्या गवतावर दातांचा डॉक्टर व्हिटकम उभा होता आणि त्याच्या शेजारी लाइल, शेरीफचा माणूस. सिग्नेचा पाय कोरड्या जमिनीला लागला की घुसखोरीचा गुन्हा. तो नोंदवायलाच लाइलला बोलावून आणलं होतं.

विस्कॉन्सिनात जमीन ज्याची त्याची, पण ओढ्याचं पाणी सगळ्यांचं. पाय ओले आहेत तोवर कुणाच्या बापाला भ्यायचं कारण नाही, हे त्या खोऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. व्हिटकमला ते शिकागोहून येऊन शेत घेतल्यावर कळलं आणि त्याचा तिळपापड झाला. सिग्नेच्या भावाने विकलेलं ते शेत त्याने केवळ ओढ्यासाठी घेतलं होतं, मक्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. कुंपणाच्या खांबाखांबावर त्याने मनाईच्या पाट्या ठोकल्या. मासा सोडवायला काठावर टेकलेल्या दोघांना कोर्टात खेचलं. मग गावातले गळवाले एकेक करून घरी बसले. सिग्ने तेवढी दर शनिवारी येत राहिली, त्याच्या नाकावर टिच्चून. रस्त्याच्या पुलाखाली ती पाण्यात उतरायची आणि पाण्यातूनच चालत वरच्या डोहापर्यंत जायची.

त्या डोहावर तिचा जीव होता. चुनखडीच्या कपारीतून झरा येतो तिथं वडिलांनी तिला पहिला ट्राउट मासा धरायला शिकवलं होतं. नवरा हयात असताना म्हणायचा, आधी डोह, मग गाई, उरलं तर मी. त्यात खोटं काही नव्हतं.

पण यंदा खुबा साथ देत नव्हता. पुलापासून इथवर यायलाच अर्धी सकाळ गेली होती. पुढच्या वर्षी या गार पाण्यातून चालणं जमणार नाही, हे सांगायला तिला वैद्याची गरज नव्हती. आणि काठावरून यायची वाट तर व्हिटकमने बंद केलेली. म्हणजे डोहाचा हा शेवटचा हंगाम होता.

पाण्यावर बारीक माश्या उतरू लागल्या होत्या. तिने गळाची दोरी मागे झुलवली, पुढे सोडली. गळाला बांधलेली पिसांची माशी अलगद कपारीशी उतरली. पाणी फुटलं. तिने मासा सावकाश जवळ आणला, पाण्यातच गळ सोडवला आणि त्याला जाऊ दिलं.

"अबब, केवढा होता," लाइलच्या तोंडून निघून गेलं. व्हिटकमने त्याच्याकडे अशी नजर टाकली, की तो बुटांकडे बघू लागला.

तेवढ्यात सिग्नेच्या पायाखालचा दगड फिरला. ती एका गुडघ्यावर बसली आणि छातीपर्यंतच्या रबरी विजारीत बर्फासारखं पाणी शिरलं. लाइल धावला, पण व्हिटकम त्याच्याही आधी काठावर पालथा पडून हात पुढे करत होता. सिग्नेने तो हात पाहिला. मग काठीचा आधार घेऊन ती आपली आपणच उठली. तिला थंडीने हुडहुडी भरली होती.

"सिग्नेबाई, पुरे झालं आता," व्हिटकम म्हणाला. त्याचा आवाज खरंच बदलला होता. "माझी आई तुमच्याच वयाची आहे. लाइलसमोर एवढंच म्हणा, मी व्हिटकमच्या परवानगीने आले. एक वाक्य. मग वाटेल तेव्हा या. गाडी थेट काठाशी आणा, मी इथं बाक टाकून देतो. जन्मभर हा डोह तुमचा."

तो खोटं बोलत नव्हता. सिग्नेला ते दिसत होतं, आणि म्हणूनच तिचे डोळे भरून आले. बाक. म्हातारपणी उन्हात बसून या पाण्यावर दोरी सोडायची. याहून जास्त तिने देवाकडेही मागितलं नसतं.

"म्हणून टाका की, मावशी," लाइल काकुळतीला आला. "तुम्हीच परवानगी घेतलीत म्हटल्यावर बाकीचेही घेतील. सगळा तंटाच मिटेल."

सिग्नेने कपारीकडे एकदा डोळे भरून पाहिलं. मग बाहीने नाक पुसलं.

"नाही म्हणणार," ती म्हणाली.

व्हिटकम गवतावरून उठला. तो चिडला नव्हता, त्याला काही समजतच नव्हतं. "अहो, या पायाने पुढच्या वर्षी तुम्हाला पुलाखाली उतरता तरी येईल का? तुम्ही परत कधीच इथं येणार नाही."

"मी नाही येणार," सिग्ने म्हणाली आणि दोरी हातात घेऊन पुन्हा मागे झुलवली. "पण जो येईल, तो तुम्हाला विचारून येणार नाही."