बुटकं स्टूल

पानं वाढून झाल्यावर परदेशी दत्तक खात्याच्या बाईंनी शेवटचा प्रश्न विचारला, "याआधी कधी मूल परत केलंय?"

"छे हो!" हेमांगी आणि शिरीष एकदमच म्हणाले. परत करणाऱ्याला दुसरं मूल मिळत नसे.

"नाही जमलं तर वर्षभरात परत देता येतं," बाई म्हणाल्या. "मग मुलाच्या मनातून सगळं पुसतो आणि तुमच्याही. कुणालाच बोच नको."

समुद्रात बुडालेल्या बेटावरचा सात वर्षांचा तेमा ताटावर बसला होता. मराठी त्याच्या डोक्यात कालच भरली होती, असं बाई म्हणाल्या होत्या.

त्याने भाकरीचा घास मोडला आणि तो उठला. मागे न बघताच त्याने दाराआडचं बुटकं स्टूल ओढलं, त्यावर चढून खिडकीत कावळ्यासाठी घास ठेवला आणि परत येऊन जेवू लागला. शिरीषच्या आजोबांपासूनची ही घरची रीत त्याला कुणीच सांगितली नव्हती.

ते स्टूल घरात कुठून आलं, हे दोघांना कधीच आठवत नसे.

हेमांगीने बाईंकडे पाहिलं. बाई शांतपणे आमटी भुरकत होत्या.

जेवण झाल्यावर तेमाने हात धुतले, बूट घातले आणि पिशवी मांडीवर घेऊन तो दाराशी त्याच स्टुलावर बसला.

"कुठे निघालास रे, बाळा?" हेमांगीने कसंबसं विचारलं.

"माहीत नाही," तो म्हणाला. "पण जेवण झालं ना?"