मानेवरची गाठ

मॅडमनी कुत्रीच्या मानेवरच्या गाठीवर सुरी फिरवली आणि नुसता पू आला. शवविच्छेदन शिकणारी मुलं पुढे वाकली. कॅन्सर म्हणूनच तर तिला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवलं होतं. “गाठीची स्लाइड मीच मायक्रोस्कोपखाली तपासली होती,” मॅडम चष्मा काढत म्हणाल्या. “माझीच नजर चुकली, पोरांनो.” ट्रे धरलेल्या विद्यार्थिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती स्लाइड तिच्या हातून फुटली होती. बोलणी बसतील म्हणून तिने दुसऱ्याच कुत्र्याच्या स्लाइडवर हिचा नंबर घातला होता. मान खाली घालून तिने ते सगळ्यांदेखत सांगितलं. मॅडम ओरडल्या नाहीत. “नीट शिव तिला. बाहेर म्हातारे मालक थांबलेत. त्यांना तूच सांग.” शेवटचा टाका घालून तिने दार उघडलं. मालक उठले. “सोडवलं तिला, बरंच केलं ना गं मी?” “नाही, आजोबा.”