उजवा कौल

अजयने अर्ज टेबलावर ठेवला आणि मुख्याध्यापिका क्लाराबाईंपुढे हात जोडले. कसालच्या बाजारातून टाइप करून आणलेला अर्ज होता. "आमची रिया, तिसरीतली. तिला प्रार्थनेच्या तासाला बसवू नका."

मिशनच्या शाळेत बाईंची बारा वर्षं गेली होती. त्यांनी अर्ज वाचला. "तुमचा हक्कच आहे तो. पालकांची मर्जी नसेल तर आम्ही कुणाला बसवत नाही. पण झालं काय?"

"बोलताना अडखळता ता. एक शब्द सरळ येना नाय." अजय कचेरीतली मराठी विसरला. "डॉक्टर झाले, औषधां झाली. शेवटी देवाक कौल लावलो. ह्या दुसऱ्या देवाच्या प्रार्थनेन आमच्या चेडवाची, रियाची, वाचा अडली काय, म्हणान इचारलंय. देवान उजवो कौल दिल्यान."

उजवा कौल म्हणजे होय. आणि देवानेच 'होय' म्हटल्यावर बायकोचं 'नाही' कोण ऐकतो?

शेवंती दाराशीच रडत होती. "बाई, त्या एकाच तासाक ता अडखळणा नाय वो! सगळ्यांच्या वांगडा म्हणता, तेवा धडधडीत म्हणता. मी कुंपणाआडसून आयकलंय. ह्येंका पटना नाय."

तासाची घंटा झाली. बाईंनी रियाला वर्गाबाहेर व्हरांड्यात, खिडकीखालच्या बाकावर बसवलं. मागोमाग आईबापही येऊन उभे राहिले. आत चाळीस पोरांनी सूर धरला, आणि बाकावर पाय हलवत रियाही म्हणू लागली, "प्रभू, माझा हात धर, मला वाट दाखव..."

कुठे अडलं नाही. आठ वर्षांत बापाने लेकीचं एवढं लांब वाक्य ऐकलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले.

"आयकलात?" शेवंतीने त्याचा दंड धरला. "आता तरी अर्ज मागे घेवा."

"देवाचो कौल मोडू?" त्याने दंड सोडवून घेतला. "उद्या हिची उरलीसुरली वाचा गेली तर? बाई, ती खिडकी लावा."

बाईंनी खिडकी लावली. आतला आवाज बुजला.

"म... म..." रिया तिथेच अडली. तिची मान ताठ झाली, ओठ वाकडे झाले.

अजय धावत जाऊन तिच्या शेजारी बसला. "म्हण गो बाय, मी म्हणतंय तुझ्या वांगडा. पुढे काय आसा? पुढचा सांग माका."

रियाने त्याचा हात घट्ट धरला.

"म... म..."