पंगतीला बसलेला कानिफनाथ

सप्त्याच्या शेवटच्या दिवशी खर्डा गावच्या देवळापुढं पंगत बसली, आणि कानिफनाथ चक्क मांडी घालून पत्रावळीपुढं बसला. झालं! सगळ्यांच्या माना वळल्या. हा गडी दरसाल आमटीची बादली घेऊन पळायचा आणि पंगत उठली की खांबाला टेकून उभ्याउभ्याच चार घास खायचा. त्याचा जोडीदार सुनीलही तसाच, कधी बसायचा नाही. सेवा करावी तर या दोघांनी, असं अख्खं गाव म्हणायचं.

खरं काय ते कानिफनाथच्या बायकोला, मनकर्णाला ठाऊक. नवऱ्याला बसवतच नव्हतं. ओटीपोटाखाली, मांड्यांच्या मधे असं ठणकायचं की बसला की कळवळायचा. आता ही काय चारचौघांत सांगायची जागा आहे? शेवटी तिनंच त्याला ओढत नगरला नेलं, सावेडीच्या दवाखान्यात. मशीननं शॉक देणार म्हटल्यावर पठ्ठ्यानं चांदीचा करदोडा काढून तिच्या हातात दिला, करंट लागेल म्हणून. डॉक्टरांना हसू आवरेना. "करंट नाही हो काका, नुसते ठोके बसतात." मग दर आठवड्याला मशीन त्या दुखऱ्या जागेवर टकटक करत राहिलं आणि ठणका हळूहळू उतरत गेला.

"काय रं कानिफा, आज सेवा न्हाई व्हय?" समोरून सहादूनं टोमणा मारला. "का म्हातारा झालास?"

कानिफनाथनं लापशीचा घास घेतला. बसून खाताना किती बरं वाटतं! त्याचे डोळेच भरून आले.

"कसली सेवा घिऊन बसलास? खाली लई दुखायचं, बसताच येत नव्हतं. लाजंपायी बादली धरली हुती. आता सावेडीला जाऊन मशीन लावून घेतलं. सुटलो बाबा एकदाचा!"

कुणी हसलं, कुणी खाकरलं. बायकांच्या ओळीत मनकर्णानं कपाळावर हात मारला, पण हसत होती तीही.

तेवढ्यात आमटी वाढत सुनील आला. कानिफनाथनं भातात आळं करून ठेवलं होतं. सुनील पळी घेऊन वाकला आणि तसाच राहिला.

"नाना," तो अगदी हळू म्हणाला, "सावेडीत कुठं?"

कानिफनाथनं मान वर केली. सुनीलच्या कपाळावर घाम आला होता.

"उद्या मीच येतो तुझ्यासंगं," कानिफनाथ म्हणाला. "वाढ आता. आन् पुढल्या सप्त्याला माझ्या शेजारी बस."